मूल केंद्रस्थानी, पण शाळेची भाषा कोणाची?

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. पटनोंदणी, वर्गखोल्या, शिक्षकांची संख्या, खासगी शाळांतील २५ टक्के जागा या मुद्द्यांवर त्यानंतर बरीच चर्चा झडली, न्यायालयांचे दरवाजेही ठोठावले गेले. त्या मानाने याच कायद्याचे कलम २९ दुर्लक्षित राहिले. अभ्यासक्रम राज्यघटनेतील मूल्यांशी सुसंगत असावा, शिकणे कृतीतून, शोधातून आणि बालकेंद्री रीतीने व्हावे, मुलाला भय आणि दडपण यांपासून मुक्तता मिळावी, त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता यावे आणि शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम त्याची मातृभाषा असावी, असे हे कलम सांगते. राज्यघटना, अध्यापनाची पद्धत आणि मुलाची भाषा या तीन गोष्टी एकाच कलमात गुंफल्या गेल्या, हा योगायोग नव्हे. प्रश्न विचारण्याची, आपले मत मांडण्याची आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय ज्याला सातव्या वर्षी लागली नाही, त्याच्याकडून अठराव्या वर्षी मतदार म्हणून ती अपेक्षिणे अवघड आहे, असा विचार त्यामागे आहे.

मोठ्या शहरांतील शाळांच्या प्रवेशाच्या जाहिरातींत ‘बालकेंद्री शिक्षण’ हे शब्द हल्ली सर्रास आढळतात. तेथे ते शोभतात आणि परवडतातही. घरात पुस्तके असतात, पालक शिकलेले असतात आणि शाळेची भाषा घरात नाही तरी शेजारी बोललीच जाते. या कल्पनेची खरी कसोटी मात्र सातपुड्याच्या डोंगररांगांत, महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमा जेथे मिळतात त्या नंदुरबार जिल्ह्यात लागते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यांपैकी सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींची. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे गेली असताना नंदुरबारची ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. जिल्ह्याचे दोन भाग सहज ओळखू येतात. तापीकाठची नंदुरबार-शहाद्याची सपाट काळी जमीन आणि उत्तरेला अक्कलकुवा, अक्राणी हे डोंगरी तालुके. सपाटीवर गुजर, मराठा आणि इतर समाजांची अहिराणी व गुजराती वळणाची बोली ऐकू येते, तर डोंगरात आणि नवापूर परिसरात भिली, पावरी, मावची अशा भाषा बोलल्या जातात. शाळेत शिरताना मात्र सर्वांनाच एक दार आहे, प्रमाण मराठीचे.

‘आ’ कोणाचा?

मुळाक्षरांचा तक्ता ‘आ’ आईचा असे सांगतो. मराठी घरातील मुलाला यात शिकण्यासारखे एकच असते, ते म्हणजे अक्षर. शब्द त्याला ठाऊक असतो, अर्थ तर जन्मापासून ठाऊक असतो. अक्कलकुव्याच्या भिली बोलणाऱ्या घरात आईला ‘याहा’ म्हणतात. या भागातील आदिवासींची कुलदेवता याहामोगी, तिच्या नावातही तोच शब्द आहे. त्या घरातून आलेल्या मुलासमोर ‘आ’ आईचा आला, की अक्षरही अनोळखी आणि शब्दही अनोळखी. अक्षराला अर्थाचा आधार राहत नाही. मग मूल तक्त्याकडे न पाहता गुरुजींच्या ओठांकडे पाहू लागते आणि ऐकलेला आवाज परत म्हणते. वर्ग एका सुरात म्हणतो, बाहेरून ऐकणाऱ्याला शिक्षण जोरात चालल्यासारखे वाटते. अशी मुले तिसरी-चौथीत पानभर मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात, पण त्यात काय सांगितले असे विचारले की गप्प होतात.

या गप्प बसण्याचे अर्थ शाळा आपल्या सोयीने लावते. मूल ‘लाजाळू’ आहे, ‘मंद’ आहे, ‘घरी अभ्यासाचे वातावरण नाही’. हेच मूल आठवडी बाजारात आईसोबत आमचूर विकायला बसते तेव्हा किलोचा भाव, वजनातली काटछाट आणि सुट्टे पैसे यांचा हिशेब तोंडी करते. कोणत्या झाडाचे फळ कधी पडते, मोहाची फुले वेचायला किती वाजता निघायचे, गुरे कोणत्या वाटेने चढतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शाळेच्या उंबऱ्याशी हे सगळे ज्ञान चपलांसारखे बाहेर ठेवून आत यायचे असते. बालकेंद्री शिक्षणाचा साधा अर्थ असा, की ते बाहेर ठेवायला लावू नये.

जुनी मागणी, नवे नाव

हा विचार परदेशातून आला, असे समजण्याचे कारण नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाकडे होणारे दुर्लक्ष तर मांडलेच, शिवाय शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असा आग्रहही धरला. शिक्षक कोठून येतो, या प्रश्नाला त्यांनी शिकवण्याच्या पद्धतीइतकेच महत्त्व दिले होते. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणाचा प्रयोग केला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी व कुरणशाळा उभी केली. गुरे चारणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेने कुरणात जावे, ही कुरणशाळेची कल्पना होती. मुलाला केंद्रस्थानी ठेवणे याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचे ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हे पुस्तक १९१६ साली प्रसिद्ध झाले. लोकशाही हा केवळ राज्यकारभाराचा प्रकार नसून एकत्र जगण्याची रीत आहे आणि ती शाळेतच अंगी बाणावी लागते, हे त्यातील प्रतिपादन. ड्युई कोलंबिया विद्यापीठात शिकवत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे विद्यार्थी होते आणि या विचाराची छाया बाबासाहेबांच्या लोकशाहीविषयक मांडणीत स्पष्ट दिसते. ब्राझीलचे पाउलो फ्रेअरी यांनी १९७० च्या सुमारास त्याला आणखी धार दिली. शिक्षकाने ठेव ठेवावी आणि विद्यार्थ्याने ती साठवावी, अशा बँकेसारख्या शिक्षणाने दबलेला माणूस दबलेलाच राहतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या सगळ्यांच्या मांडणीत एक सूत्र समान आहे. वर्गात मुलाने काय करायचे, यापेक्षा वर्गात काय शिकायचे हे कोण ठरवतो, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पहिला भाग उचलला गेला आणि दुसरा हळूच बाजूला पडला. नंदुरबारमध्ये मात्र तो बाजूला सारणे कठीण होते, कारण तेथे हा प्रश्न धरणाच्या पाण्यासोबत दारात येऊन उभा राहिला.

जीवनशाळांचा धडा

सरदार सरोवर प्रकल्पाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सारी नर्मदेच्या काठची, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते या गावांत फिरू लागले तेव्हा अनेक ठिकाणी शाळा कागदावरच आहेत, शिक्षक सपाटीवर राहतात आणि क्वचितच डोंगर चढतात, अशी तक्रार गावोगाव ऐकू आली. त्यातून १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे पहिल्या जीवनशाळा सुरू झाल्या. पुढे मणिबेली, डनेल अशा गावांत आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातही त्या उघडल्या. ‘लढाई-पढाई साथ साथ’ हे त्यांचे घोषवाक्य.

या शाळांचे वेगळेपण इमारतीत नव्हते. कुडाच्या भिंती, कौलांचे किंवा गवताचे छप्पर. लाकूड गावाने दिले, श्रम गावाने केले, मुले तेथेच राहत म्हणून धान्यही घराघरांतून आले. शेतीच्या कामात एकमेकांना हात देण्याची प्रथा या भागात पूर्वापार आहे, नर्मदाकाठी तिला ‘लाह’ म्हणतात. शाळाही त्याच रीतीने उभी राहिली. शिक्षक त्याच परिसरातील, बेताचे शिकलेले तरुण होते. शिक्षणशास्त्राची पदविका त्यांच्याकडे नव्हती, पण मुलाने भिलीत किंवा पावरीत विचारलेला प्रश्न त्यांना कळत असे. या भाषांत वाचनपुस्तके तयार करण्यात आली. गावातील म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी, झाडपाल्याची औषधे, जंगल आणि नदी यांची माहिती पाठात आली. सोबत राज्याचा अभ्यासक्रमही शिकवला जाई आणि चौथीची मुले सरकारी शाळेत जाऊन परीक्षेला बसत.

ही दुहेरी रचना या प्रयोगातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब म्हणावी लागेल. आपली भाषा आणि आपले ज्ञान शाळेत आणायचे, पण तेवढ्यावर थांबायचे नाही. नुकसानभरपाईचा कागद मराठीत येतो, भूसंपादनाची नोटीस मराठीत येते, सातबारा मराठीत असतो. तो वाचता आला नाही तर दुसऱ्याने सांगितलेला अर्थ मान्य करावा लागतो. विस्थापनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गावाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यामुळे मराठी शिकणे हे येथे परक्या संस्कृतीपुढे मान तुकवणे ठरले नाही, ते एक हत्यार ठरले. मूल जे घेऊन आले त्यावर उभे राहून ते पुढे गेले. बालकेंद्री शिक्षणाच्या पुस्तकी व्याख्येत हेच लिहिलेले असते.

जलाशयाची पातळी वाढत गेली तशा काही शाळांच्या झोपड्या पाण्याखाली गेल्या आणि त्या वरच्या उंचीवर पुन्हा बांधाव्या लागल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. तोवर अनेक कुटुंबे पुनर्वसन वसाहतींत गेली होती, काही डोंगरावरच राहिली. शाळांचाही काही भाग वसाहतींत, काही काठावर, असा विभागला गेला.

जीवनशाळांचे कौतुक करताना दोन अडचणी नोंदवणे भाग आहे. पहिली अशी, की शाळा आंदोलनाची होती. ज्या शाळेत मुले मोर्च्याच्या घोषणा शिकतात तेथे एखाद्या मुलाला, किंवा पुनर्वसनाचा मोबदला घेऊन निघून जाऊ इच्छिणाऱ्या त्याच्या वडिलांना, वेगळे मत मांडण्याची मोकळीक कितपत राहते? सरकारी पाठ्यपुस्तक धरणाचे फायदे पाठ करायला लावते म्हणून आक्षेप घ्यायचा, तर धरणाचे तोटे पाठ करून घेणेही त्याच जातीचे ठरते. लोकशाही शिक्षणाची कसोटी मूल कोणते उत्तर देते यावर लागत नाही, ते उत्तर त्याने स्वतः काढले की नाही यावर लागते. ज्यांचे घर बुडत आहे त्यांनी तटस्थ राहावे, ही अपेक्षा शहरात बसून करणे सोपे आहे हेही खरे. तरीही प्रश्न खोटा ठरत नाही.

दुसरी अडचण चौथीनंतरची. जीवनशाळा प्रामुख्याने चौथीपर्यंतच्या. पुढे मुले आश्रमशाळेत जात. तेथे शेकडो मुले, ठरलेली घंटा, रांगेतले जेवण आणि मराठीत बोलणारे शिक्षक. चार वर्षे प्रश्न विचारण्याची सवय लागलेल्या मुलाला पाचवीत ती सोडून द्यावी लागत असेल, तर पहिल्या चार वर्षांचे काय झाले? एखादी चांगली शाळा बेटासारखी राहिली की तिच्या काठावर हा प्रश्न उभा राहतोच. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेला आणि शेकडो शाळांत पोचलेला होशंगाबाद विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारनेच बंद केला. सरकारी व्यवस्थेच्या आत राहूनही असे प्रयोग किती नाजूक असतात, हे त्यावरून दिसले.

परिपत्रकाने आलेले स्वातंत्र्य

महाराष्ट्र शासनाने हा विचार मुख्य प्रवाहात आणण्याचा प्रयत्न केला नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मूल स्वतः ज्ञानाची रचना करते, हे सूत्र स्वीकारले. त्यामागोमाग राज्याचा आराखडा २०१० मध्ये आला. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. साताऱ्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने केलेले काम राज्यभर गाजले आणि हजारो शिक्षकांनी तेथे भेटी दिल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला.

पुढचे चित्र राज्यातील कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत पाहायला मिळाले. वर्गाच्या फरशीवर रंगीत चौकटी, अंकांच्या शिड्या, भिंतीवर शब्दांची झाडे, दशकाच्या काड्यांचे गठ्ठे. अनेक शिक्षकांनी पदरचे पैसे घालून हे केले आणि मुले रांगेतून उठून जमिनीवर गोलात बसली, हा बदल लहान नव्हता. पण कुमठ्याच्या शिक्षकांनी जे बैठका घेऊन, चुकत-माकत, आपल्या मुलांकडे पाहून शोधले, ते इतरत्र तयार नमुन्याच्या रूपात पोचले. किती शाळा प्रगत झाल्या, याची संख्या वर कळवायची होती. वर्षातून ठरावीक वेळा पायाभूत आणि संकलित चाचण्या घ्यायच्या होत्या. मुलाने स्वतः शोधावे असे सांगणाऱ्या शिक्षकाला मात्र स्वतः काही शोधण्याची मुभा नव्हती.

बालकेंद्री शिक्षणातील ही सर्वांत मोठी विसंगती आहे आणि ती नंदुरबारपुरती मर्यादित नाही. शिक्षकाशी लोकशाहीने न वागणारी व्यवस्था त्याच्याकडून मुलांशी लोकशाहीने वागण्याची अपेक्षा करते. दर आठवड्याला माहितीचे नवे तक्ते भरणारा, निवडणूक आणि जनगणनेच्या कामावर जाणारा, बदलीची वाट पाहणारा शिक्षक वर्गात ‘तुला काय वाटते?’ असे विचारील, ही शक्यता कमी असते. तरीही विचारणारे शिक्षक आहेत. ते व्यवस्थेमुळे टिकले की व्यवस्थेला न जुमानता टिकले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सातपुड्यात या पेचाला भाषेची भर पडते. फरशीवरची शब्दांची झाडे मराठीच होती. मुलाने गटात चर्चा करावी, अशी सूचना असेल आणि चर्चा शिक्षकाला न कळणाऱ्या भाषेत होणार असेल, तर शिक्षक ती थांबवतो. त्याला भीती वाटते, वर्ग हातातून जाईल. आदिवासी भाषांचे शब्दसंग्रह आणि वाचनसाहित्य सरकारी पातळीवरही वेळोवेळी तयार झाले, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने या दिशेने काम केले. परंतु शब्दसंग्रह कपाटात असणे आणि तो शिक्षकाच्या तोंडी असणे यांत अंतर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले. भिलीच्या अनेक बोली आहेत, पावरी वेगळी, मावची वेगळी. एका वर्गात दोन बोलींची मुले असणे हे येथे नवल नाही. मग कोणती मातृभाषा, हा प्रश्न धोरणाने शिक्षकावर सोडला आहे.

यावर एक उपाय फुल्यांनीच सुचवलेला, शिक्षक त्याच लोकांतला असावा. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात येतात, नंदुरबार व शहाद्यातील काही गावेही त्यात आहेत. अशा क्षेत्रांतील शिक्षकांसह काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांमधूनच भरावीत, अशी अधिसूचना राज्यपालांनी २०१४ मध्ये काढली. ही भरती पुढे न्यायालयीन वादात अडकली. स्थानिक शिक्षक आला म्हणजे सारे प्रश्न सुटतात, असेही नाही. स्वतः आश्रमशाळेत मार खात शिकलेला आणि मराठी आल्यामुळेच पुढे गेलेला शिक्षक कधीकधी आपल्या मुलांच्या बोलीविषयी बाहेरच्या माणसाहून अधिक कठोर असतो.

पालकांना काय हवे?

बालकेंद्री शिक्षणाचे समर्थक एक गोष्ट क्वचितच बोलून दाखवतात. ज्या पालकांसाठी हे सगळे चालले आहे, त्यांनाच ते पुष्कळदा पटत नाही. मुले गाणी म्हणतात, बिया मोजतात, चित्रे काढतात, मग शिकवतात कधी, असा त्यांचा सवाल असतो. पाढे पाठ असावेत, वहीत लाल शाईच्या खुणा असाव्यात, जमल्यास इंग्रजी यावे, ही त्यांची शाळेची कल्पना. तिला अडाणीपणा म्हणून उडवून लावणे सोपे, पण ते लोकशाहीला धरून नाही.

या आक्षेपाला मोठ्या विचारवंतांचाही पाठिंबा आहे. इटलीच्या तुरुंगातून लिहिताना अंतोनिओ ग्राम्शी यांनी असा इशारा दिला होता, की शिस्त आणि कष्ट वगळणाऱ्या नव्या शाळा दिसायला लोकशाहीवादी वाटतात, पण प्रत्यक्षात वर्गभेद टिकवून धरतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेलपिट यांनी १९८८ मध्ये हीच बाब दुसऱ्या अंगाने मांडली. सुखवस्तू घरातील मुलाला प्रतिष्ठित भाषा आणि तिचे नियम घरीच मिळतात. गरीब मुलाला ते शाळेने उघडपणे शिकवले नाहीत, तर मोकळेपणाच्या नावाखाली त्याची फसवणूकच होते. नर्मदाकाठच्या पालकाने ग्राम्शी वाचलेला नसतो, पण तलाठ्यापुढे उभे राहून कागद न वाचता अंगठा लावणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. त्याची मागणी त्या अनुभवातून येते.

मुलाची भाषा शाळेत यावी आणि सत्तेची भाषाही मुलाला नीट यावी, या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. पहिलीच्या पायावर दुसरी उभी राहते. मात्र त्यासाठी शिक्षकाला दोन्ही भाषांत काम करावे लागते आणि वेळ द्यावा लागतो. वेळ हीच येथे सर्वांत दुर्मीळ वस्तू. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा शेतमजुरीला गुजरातेत आणि राज्याच्या इतर भागांत जातात. मुले सोबत जातात, ती होळीला परततात. काठीची होळी आणि भोंगऱ्या बाजार यांसाठी माणूस कोठूनही गावी येतोच. शाळेच्या दृष्टीने मात्र मधले महिने कोरे असतात. सलग वर्ष गृहीत धरून केलेल्या पाठ्यक्रमात असे मूल परतल्यावर पुन्हा पहिल्या पानावर येते.

पट कमी असणे आणि अनेक इयत्ता एका खोलीत असणे, ही अडचण मात्र वाटते तितकी एकतर्फी नाही. कायद्यानुसार ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. वाडीवरच्या शाळेत पटावर ३० मुले असली तरी इयत्ता चार-पाच असतात. अशा वर्गात फळ्यासमोर उभे राहून सर्वांना एकच धडा सांगणे शक्यच नसते. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत नेमक्या याच स्थितीसाठी शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे कार्डे लावण्याची पद्धत तयार झाली. मूल आपल्या गतीने पुढच्या पायरीवर जाते, गैरहजर राहून परतले तर सोडलेल्या पायरीपासून सुरुवात करते. पुढे तमिळनाडूने ती सरकारी शाळांत नेली. म्हणजे बालकेंद्री पद्धत ही संपन्न शाळांची चैन असल्याचा समज उलटाच आहे. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असतील, तर दुसरा मार्ग नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठीही नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. मुलाला मराठी परिच्छेद वाचता आला नाही, एवढे चाचणी सांगते. त्याला विचार करता येत नाही की केवळ मराठी येत नाही, हे ती सांगत नाही. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये त्यानुसार नियम बदलून या दोन इयत्तांच्या वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केल्या. दोन भाषांचा भार वाहणाऱ्या मुलाला या परीक्षेत वेगळा विचार मिळणार काय, हे नियमांत नाही.

समितीची बैठक कोठे?

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि शाळा विकास आराखडा या समितीने तयार करावा, असे कलम २१ व २२ मध्ये म्हटले आहे. लोकशाही शिक्षणाचा हा कायद्यातील सर्वांत ठोस भाग. शाळेची वेळ काय असावी, होळीची सुट्टी किती, मुलांना कोणत्या भाषेत गोष्ट सांगावी, याविषयी गाव काही म्हणू शकते ते येथेच. व्यवहारात आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि ठरावाखाली सह्या-अंगठे घेतले जातात, ही तक्रार राज्यभर आहे. तरीही समिती वाडीवर असते. बैठकीला जायचे तर शेतातून उठून जाता येते.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या पत्राने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले, तेव्हा या मुद्द्याला वेगळेच वळण लागले. त्यासाठी नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील शाळांचा दाखला देण्यात आला. तोरणमाळची शाळा निवासी. परिसरातील वाड्या-पाड्यांवरील लहान शाळांची मुले तेथे एकत्र आली. समर्थकांचे म्हणणे नाकारण्यासारखे नाही. दहा मुलांच्या शाळेत एक शिक्षक रजेवर गेला की शाळाच बंद पडते. मोठ्या शाळेत विषयानुसार शिक्षक, ग्रंथालय, खेळाचे मैदान आणि समवयस्कांची सोबत मिळते. नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली आहे. निवासी व्यवस्था असेल तर अंतराचा मुद्दा उरत नाही, असा युक्तिवाद होतो.

मात्र वाडीवरची शाळा बंद झाली की तिची व्यवस्थापन समितीही संपते. सहा-सात वर्षांचे मूल घरापासून दूर राहू लागते, त्याच्या कानावर पडणारी भाषा बदलते आणि आई-वडिलांना शाळेत काही सांगायचे असेल तर आधी डोंगर उतरून किंवा चढून वाहन मिळणाऱ्या रस्त्यापर्यंत यावे लागते. अक्राणी तालुक्यात तो एका दिवसाचा प्रवास असतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. समूह शाळेच्या व्यवस्थापन समितीत दूरच्या पाड्यांचे किती पालक असावेत, त्यांच्या प्रवासाचा खर्च कोणी द्यावा आणि बैठक आळीपाळीने त्यांच्या पाड्यावर घेता येईल काय, एवढे तीन प्रश्न निकाली निघाले, तरी कलम २१ चा अर्थ तोरणमाळच्या पठारावर बराच स्पष्ट होईल.